पान एकशे बारा

"सूचीत नाही, ते यंत्रात नाही," असं म्हणत बाई चष्म्याची काडी टेबलावर दोनदा आपटायच्या. मग समोर कितीही मोठा साहेब असो, विषय तिथेच संपायचा.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. हुद्दा बघितला तर कुणी ढुंकून बघू नये, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. हॅनोव्हरला मी ज्या कंपनीत होते, तिथे बाटल्या भरायची मोठमोठी यंत्रं बनत. प्रत्येक यंत्राबरोबर विटेएवढं जाड इंग्रजी माहितीपुस्तक जायचं. त्या पुस्तकाच्या शेवटची सूची, म्हणजे कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते दाखवणारी यादी, बाई करायच्या. पेन्सिल, कार्डं आणि बुटांचं रिकामं खोकं, एवढीच त्यांची सामग्री.

आणि मला पुण्याहून आणलं होतं ते ही सूची आपोआप करणारं सॉफ्टवेअर लिहायला. सरळ सांगायचं तर बाईंच्या पोटावर पाय द्यायला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. माझ्यासमोर एक पुस्तक टाकलं आणि म्हणाल्या, "समज, तुझी बाही पट्ट्यात अडकली आहे. यंत्र कसं थांबवायचं ते शोध." मी पुण्याहून करून आणलेल्या कच्च्या प्रोग्रॅमला 'थांबवणे' विचारलं. त्यानं एकतीस पानं दिली. बाईंनी आपल्या खोक्यातून एक कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'बाही अडकल्यास' आणि पुढे एकच पान.

मी ते पान उघडलं. त्यावर 'बाही' हा शब्दच नव्हता. लाल बटणाचं चित्र होतं फक्त.

"ज्याची बाही अडकली आहे तो पहिल्या प्रकरणापासून वाचत बसत नाही," बाई म्हणाल्या. "तो ज्या शब्दानं शोधील तो शब्द पानावर असेलच असं नाही. तो शब्द सूचीत असायला हवा. गेनाऊ?"

गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सहा महिन्यांत माझं सॉफ्टवेअर चालायला लागलं, साहेबांनी केक आणला, आणि तरीही मेसेच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या मोठ्या यंत्रप्रदर्शनाच्या आधी, सगळी पुस्तकं गुपचूप बाईंच्या टेबलावर जायची. ती नेणारी मीच असायचे.

बाई अमेरिकन. अगदी दक्षिणेकडच्या. पंचविशीत हॅनोव्हरच्या एका मुलाशी लग्न करून इकडे आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. मूलबाळ नाही. चाळीस वर्षांत त्यांचं जर्मन पक्कं झालं होतं, फक्त ते दुपारी ओसरीवर बसून बोलल्यासारखं संथ ऐकू यायचं. ऑफिसात त्यांना सगळे फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लावून नवऱ्याच्या आडनावानं हाक मारत. माझ्याशी इंग्रजीत बोलताना मात्र म्हणायच्या, मला नुसत्या नावानं हाक मार. माझी जीभ काही वळेना. माझ्या आईहून मोठ्या बाईला नावानं? शेवटी मी 'बाई' म्हणायला लागले. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला असं म्हणतात, हे सांगितल्यावर त्या भलत्याच खूश झाल्या. मी त्यांच्यासाठी कायम 'हनी'.

आमची खरी गट्टी जमली ती शेंगांमुळे. एका शनिवारी स्टाइनटोरजवळच्या आशियाई दुकानात मी कच्च्या भुईमुगाच्या शेंगांच्या पोत्यात हात घातला, तर दुसऱ्या बाजूनं बाईंचा हात आत होता. जर्मन माणसाला शेंगा उकडून खातात असं सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बाईंच्या गावी मात्र रस्त्याच्या कडेला पातेली मांडून मिठाच्या पाण्यात शेंगा उकडून विकत. "माझ्या नवऱ्यानं एकदाच खाल्ल्या," त्या म्हणाल्या, "आणि मग मला विचारलं, हे शिजायचं राहिलंय का?" त्या दिवशी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात दोन किलो शेंगा उकडल्या आणि संपवल्याही.

त्याच दिवशी मी ती भिंत पाहिली. बैठकीच्या खोलीतली आख्खी भिंत वंशवृक्षानं भरलेली. मधोमध दाढीवाला एक गृहस्थ, खाली 'कर्नल'.

आता कर्नल कुठल्या घराण्यात नसतो? माझ्या सासरच्या घराण्यात तो सरदार आहे. प्रत्यक्षात तो पेशवाईच्या अखेरीला कुठेतरी कारकून असावा असा मला पहिल्यापासून संशय आहे, पण त्याला एक गाव इनाम मिळालं हे खरं. बाईंचा कर्नल कुठल्या लढाईत होता ते बाईंनाही सांगता येत नसे. पण त्याचं कापसाचं प्लँटेशन मोठं होतं, पांढऱ्या खांबांचं घर होतं, फाटकापासून घरापर्यंत ओक झाडांची दुतर्फा रांग होती, आणि दीडशे वर्षांनंतरही त्याचे वंशज दर उन्हाळ्यात त्या झाडांखाली जमून फोटो काढत. त्या भावकीनं आता घराण्याचा मोठा ग्रंथ काढायचं ठरवलं होतं. कागदपत्रं लावायचं काम बाईंकडे आलं होतं, कारण असली चिकट कामं करणारी घरात त्या एकट्याच.

मला हसू आलं. माझ्या सासऱ्यांनी तेव्हाच आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायला घेतली होती. परदेशातली सून, घरात दोन कॉम्प्युटर, म्हणजे टाइप करून पानं लावायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार? आम्ही दोघी एकाच घाण्याला जुंपलेल्या. फरक इतकाच की बाईंचं हे माहेर होतं आणि माझं सासर.

"मी तुमचं सगळं कॉम्प्युटरवर घालून देते," मी ऐटीत म्हटलं.

बाईंनी मला एक खोकं दिलं. कर्नल गेल्यावर वाटणीसाठी त्याच्या मालमत्तेची यादी झाली होती, तिची एकेक ओळ एकेका कार्डावर. मी दोन रविवार बसून काम उरकलं. दोन तक्ते केले. एक माणसांचा, एक मालमत्तेचा. माणसांच्या तक्त्यात कर्नल, त्याच्या दोन बायका, अकरा मुलं, जावई. मालमत्तेच्या तक्त्यात यादीत होतं ते सगळं, ओळीनं. खेचरं, बैल, तांब्याची कढई, फीबी, सायलस, म्हातारी हॅना, पियानो.

बाईंनी छापील कागद हातात घेतला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"हनी," त्या हळूच म्हणाल्या, "कर्नलनंही असंच केलं होतं."

मला कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा चटका बसल्यावर हात मागे घ्यायला लागतो. सत्तेचाळीस माणसं. कर्नलचे गुलाम. नावापुढे वय, वयापुढे किंमत. मी ती नावं स्वतःच्या हातानं टाइप केली होती, आणि बैल आणि पियानोच्या मध्ये ती कोण आहेत हा प्रश्न मला दोन रविवारांत एकदाही पडला नव्हता. कागदात जसं होतं तसं उतरवलं, एवढंच. मी रडायला लागले. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त शेंगांचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "मला हे पन्नास वर्षांची झाल्यावर कळलं. तू तिशीची आहेस. बस. आता नीट करू."

त्या दिवसापासून बाईंना काय हवंय ते मला नेमकं कळलं. त्यांना त्या ग्रंथात ती सत्तेचाळीस नावं छापून हवी होती. माफीनामा नको, लांबलचक प्रस्तावना नको. फक्त नावं, आणि कुणी काय केलं ते. कारण त्यांनी ते शोधून काढलं होतं. जुन्या पत्रांतून, चर्चच्या वह्यांतून, डॉक्टरच्या टिपणांतून. ओकची झाडं सायलसनं आणि त्याच्या भावानं लावली होती. कर्नलच्या अकराही मुलांना फीबीनं अंगावर पाजलं होतं, आणि तिची स्वतःची मुलं यादीत दुसऱ्या जावयाच्या वाट्याला गेली होती. पाहुणे ज्या बिस्किटांची पत्रांतून तारीफ करत ती म्हातारी हॅना करायची. बाईंनी यावर बारा पानांचं एक प्रकरण लिहिलं. इतकं कोरडं की वाचताना वाटावं, बाटल्या भरायच्या यंत्राचं पुस्तक आहे. त्यामुळेच ते वाचवत नसे.

भावकीचं उत्तर आलं. बाईंचा एक चुलतभाऊ समितीचा अध्यक्ष होता. पत्र अतिशय गोड होतं. तुझ्या कष्टांचं मोल होणार नाही, पण हा आनंदाचा ग्रंथ आहे, लहान मुलंही वाचतील, शिवाय पानांची मर्यादा आहे. प्रकरण गाळावं लागतंय.

बाईंनी ते पत्र मला दाखवलं आणि घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. सोमवारी मला म्हणाल्या, "मी त्यांना कळवलंय. मान्य. फक्त सूची मी करीन."

"तुम्ही मान्य केलंत?" मला संताप आला. "भांडलासुद्धा नाहीत?"

"सूची कोण वाचतं, हनी?" त्या म्हणाल्या, आणि चष्म्याची काडी दोनदा आपटली.

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे तीन महिने राहायला आले. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. एकटा माणूस, घरात करमत नव्हतं. येताना लोणच्याची बरणी आणि कुलवृत्तांताच्या कागदांची पिशवी, एवढंच सामान. शिस्तीचे, गोड बोलणारे, माझ्याशी कधी आवाज न चढवलेले. मी त्यांना बाबा म्हणायचे आणि आजही त्यांच्याविषयी वाकडं बोलताना मला जड जातं. हे आधीच सांगून ठेवते.

बाईंची आणि त्यांची ओळख करून द्यावी असं मला वाटलं. दोघेही घराण्याच्या कागदांत बुडालेले, जमेल म्हटलं. आणि जमलं की! बाईंच्या घरामागच्या बागेत दोघे खुर्च्या टाकून बसले. बाबांनी शेंग सोलून तोंडात टाकली आणि उद्गारले, "अगं, ही तर आपल्यासारखीच उकडते!" बाबांचं इंग्रजी बँकेतल्या पत्रासारखं, बाईंचं ताकासारखं पातळ आणि सावकाश. अडलं की मी मध्ये. कर्नल आणि सरदार यांची गाठ घालून झाली. बाई म्हणाल्या, आमच्या कर्नलला बंदूक धरता येत होती की नाही देव जाणे. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्याही सरदाराचं तेच गं," ते मला म्हणाले, "पण हे हिला सांगू नकोस."

मी लगेच सांगितलं.

मग बाबांनी पिशवीतून त्यांचा सगळ्यात लाडका कागद काढला. मोडीतली यादी होती. सरदाराच्या मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी काय काय पाठवलं त्याची. बाबा मोडी शिकले होते निवृत्तीनंतर, मोठ्या हौसेनं. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले आणि मी इंग्रजीत सांगत गेले. शालू, तोडे, पालखी. तांब्याची भांडी. म्हैस एक. कुणबिणी दोन.

मी अडखळले.

कुणबीण म्हणजे इथे जातीचं नाव नव्हे. त्या काळी मोठ्या घरांत कामाला ठेवलेली, विकत घेतलेली किंवा अशी लग्नात देऊन टाकलेली बाई. बटीक. हे मला ठाऊक होतं. शाळेत नव्हे, पण कुठेतरी वाचलेलं. त्या कागदाची बाबांनी पाठवलेली देवनागरी नक्कल मी आधीच टाइप केली होती, दोन महिन्यांपूर्वी. 'म्हैस एक, कुणबिणी दोन' ही ओळ माझ्या बोटांखालून गेली होती. बाईंच्या घरी रडून आल्यानंतर गेली होती, हे त्यातलं विशेष.

"दोन मोलकरणी," मी इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चाळीस वर्षं पानांवर नसलेले शब्द शोधत आल्या होत्या, माझ्या चेहऱ्यावरचा त्यांना सापडायला कितीसा वेळ लागणार. "मुलीबरोबर पाठवल्या?" त्यांनी विचारलं. "कायमच्या?"

"हो."

"त्यांची नावं काय होती?"

मी बाबांना विचारलं. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न खरोखरच समजला नव्हता.

"अगं, यादीत नावं कशाला असतील?" ते म्हणाले. "म्हशीचं तरी कुठे आहे?"

ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. हसूनच म्हणाले. आयुष्यभर घरातल्या मोलकरणीला दिवाळीला स्वतःच्या हातानं साडी देणारा माणूस तो. मी हे वाक्य इंग्रजीत सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी बाबांना आणखी शेंगा वाढल्या आणि मग मला म्हणाल्या, "ही यादी तुमच्या पुस्तकात येणार आहे ना?"

"येणार आहे."

"कुठल्या पानावर?"

"अजून पानं पडली नाहीत."

"पडली की सांग," बाई म्हणाल्या. "नावं नसली तरी जागा असू दे. जागा असली की कधीतरी कुणीतरी शोधतं."

बाबा परत गेले. ऑक्टोबरात रविवारी त्यांचा फोन आला. कुलवृत्तांत मंडळाची बैठक झाली होती.

"त्या लग्नाच्या यादीतली एक ओळ काढ," ते म्हणाले. "कुणबिणींची."

"का हो बाबा?"

"अगं, सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. आताच्या पिढीला त्याचा अर्थ कळायचा नाही, आणि कळला तर आणखी पंचाईत. तेव्हाची पद्धत होती ती. उगाच लोकांच्या डोळ्यांवर कशाला आणायचं? म्हैस राहू दे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द तयारही होते. बाईंच्या भावकीवर मी इतकी तणतणले होते की ते सगळे शब्द तोंडपाठ होते. पण तिकडे बाबांना खोकला येत होता, एकट्या घरात. त्या पुस्तकावाचून त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. नवरा समोर बसून खुणेनं म्हणत होता, जाऊ दे ना. आणि खरं सांगायचं तर मला चांगली सून राहायचं होतं.

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला, फाइल उघडली आणि ओळ पुसली. वरची ओळ आणि खालची ओळ जवळ आल्या. मध्ये काही होतं असं वाटूसुद्धा नये इतक्या नीट.

बाईंना मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. रजा घेतली, मग इस्पितळात गेल्या, मग कळलं की आता फार दिवस नाहीत. मी ट्रामनं आठवड्यातून दोनदा जायचे. खाटेवर त्यांनी ते जेवणाचं फिरतं टेबल पुढे ओढलेलं असे आणि त्यावर ग्रंथाची छापायला जायची पानं. सूचीचं काम चाललेलं. नर्सनं ताट आणलं की बाई म्हणत, "आल्झो, तर मग ते खिडकीत ठेवा." हात थरथरत असे म्हणून कार्डावर मी लिहायचे. त्या पान क्रमांक सांगत, नाव सांगत. मी नाव लिहिताना त्या पानावर काय आहे ते बघत नसे. तेवढा वेळही नसे.

जानेवारीत त्यांनी शेवटचं कार्ड खोक्यात टाकलं आणि डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं झोप लागली.

"तुझ्या त्या दोघी," त्या एकदम म्हणाल्या. "पान पडलं का?"

आणि मी म्हटलं, "हो."

"कितवं?"

"एकशे बारा."

का एकशे बारा? काही कारण नाही. तोंडात आला तो आकडा. बाईंना आता काय त्रास द्यायचा, असं मी स्वतःला समजावलं. तुम्हीही कधी असं समजावलं असेल, म्हणून सांगते: मला त्यांचा त्रास वाचवायचा नव्हता. माझा वाचवायचा होता.

बाईंचा चेहरा इतका निवळला की मला बघवेना. "एकशे बारा," त्या म्हणाल्या. "छान. पेन्सिल दे."

मी पेन्सिल दिली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेले. पाण्याची गरज नव्हती.

फेब्रुवारीत बाई गेल्या. ऑफिसातली आठ-दहा माणसं, शेजारचं एक म्हातारं जोडपं आणि मी. अमेरिकेहून फुलांचं चक्र आलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या शेजाऱ्यांनी मला बोलावून एक बुटांचं खोकं दिलं. वर माझं नाव लिहिलेलं. मी ते घरी आणून कपाटावर ठेवलं आणि उघडलं नाही.

मे महिन्यात ग्रंथ आला. बाईंनी त्यांची प्रत माझ्या पत्त्यावर पाठवायला सांगून ठेवलं होतं. सोनेरी अक्षरं, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर कर्नल. आत खरंच कुठे काही नव्हतं. घर होतं, लग्नं होती, ओकची झाडं होती. 'चाकरमाणसं' हा शब्द दोनदा आला होता. त्याच्या आधी 'प्रेमळ' असं विशेषण. मी रागानं पानं उलटत शेवटाला पोचले आणि सूची उघडली.

फीबी, पान एकोणीस. मी एकोणिसावं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, कर्नलची अकराही अपत्यं जगली, हा त्या काळात चमत्कारच होता. सायलस, पान सात. सातव्या पानावर ओकच्या रांगेचा पानभर फोटो. हॅना, पान बेचाळीस. बेचाळिसाव्या पानावर पाहुण्याचं पत्र, आणि त्यात बिस्किटांची तारीफ. मी एकेक नाव काढत गेले, एकेक पान उघडत गेले. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जण तिथे होते. नाव एकाही पानावर नाही, आणि प्रत्येक पान त्यांचंच. माझ्याच हातानं लिहिलेली कार्डं होती ती. भावकीतल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सूची कोण वाचतं?

मी मोठ्यानं हसले. घरात एकटी होते, तरी टाळी द्यायला हात पुढे केला. मग मला ते कपाटावरचं खोकं आठवलं.

खोक्यात तीच कार्डं होती, माझ्या अक्षरातली, वर्णानुक्रमानं लावलेली. सगळ्यांच्या मागे एक कार्ड वेगळं. त्यावरचं अक्षर बाईंचं, वेडंवाकडं, पेन्सिल मध्येच घसरलेली. नावाच्या जागी दोन लांब रेघा ओढलेल्या होत्या, एकीखाली एक. भरायला ठेवल्यासारख्या. पुढे लिहिलं होतं, 'पान ११२'.

आमचा कुलवृत्तांत दिवाळीत निघाला. बाबांनी पहिली प्रत देवापुढे ठेवली आणि दुसरी मला पाठवली. बांधणी छान झाली आहे, सगळे माझं कौतुक करतात. एकशे बाराव्या पानावर बाबांच्या सत्काराचा फोटो आहे. शाल, श्रीफळ, आणि खाली आभार मानलेल्यांची नावं. त्यात माझं आहे.

बाईंचं कार्ड मी त्याच पानात ठेवलं आहे. कुणी घरी आलं आणि पुस्तक हातात घेतलं की ते पान आपोआप उघडतं. कार्ड बघून लोक विचारतात, ही कसली खूण? मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.